खिडकीवर ऐकलेलं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, सगळी नोकरी एका खिडकीच्या आत बसून केलेले गृहस्थ. वीज कंपनीच्या वर्कशॉपात ते स्टोअरकीपर होते. लाइनमन लोकांच्या मोटारसायकली तिथे दुरुस्तीला यायच्या. मेकॅनिक त्या उघडायचे आणि एखादा भाग लागला की काळे हात पुसत भावोजींच्या खिडकीशी यायचे. तिथला नियम साधा होता. मोडका भाग आत द्यायचा, तो कसा मोडला ते सांगायचं, मग नवा मिळायचा. भावोजी चष्म्यावरून त्या तुकड्याकडे बघायचे, हकिगत ऐकून घ्यायचे, एखादा खोचक प्रश्न विचारायचे आणि मागच्या फळीवरून नवा भाग काढून द्यायचे. ऐकून ऐकून त्यांना त्या गाड्यांचं सगळं पाठ झालं होतं. स्वतः मात्र त्यांनी साधा स्क्रू कधी फिरवला नाही. घरातला नळ गळायला लागला तरी ताईच पाना घेऊन बसायची आणि हे दाराशी उभे राहून कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मी त्या घरात पाहिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. कंपनीने मोडीत काढलेली एक जुनी, एका सिलिंडरची मोटारसायकल आणि भंगारात जायच्या तुकड्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. वाकलेले व्हॉल्व्ह, चिरलेले पिस्टन, दात गेलेले गिअर. ताई म्हणाली, लोक निवृत्तीला घड्याळ घेऊन येतात, यांनी कचरा आणलाय.  भावोजींनी ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि वर चादर खाली ओढून घेतली.

माझं चष्म्याचं दुकान आहे, रविवारी बंद असतं. म्हणून भावोजी जुन्या गाड्यांच्या मंडळात जायला लागले तसा मीही मागच्या सीटवर बसून जायला लागलो. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात ही मंडळी रविवारी सकाळी जमायची. सगळ्यांच्या गाड्या आपापल्या वयाच्या किंवा त्याहून थोराड. जनावरांचे एक डॉक्टर होते, ते मंडळाचे म्होरके. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या, त्यांचा तोंडाचा पट्टा आणि गाडीचा सायलेन्सर दोन्ही सारखेच वाजायचे. आणखी दहाबारा जण असतील. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण चहा चांगला मिळायचा.

या मंडळाचा एक रिवाज होता आणि तो डॉक्टरांनी घालून दिलेला. कुणालाही सल्ला द्यायचा असेल, तर तो ज्या तुकड्यावर शिकलो तो मोडका तुकडा आधी समोर ठेवायचा. पिस्टनबद्दल बोलायचंय? स्वतः फोडलेला पिस्टन दाखवा. नसेल तर गप्प बसा आणि चहा प्या. डॉक्टरांचं म्हणणं असं, की वाचून आणि ऐकून बोलणारे पैशाला पासरी मिळतात. ज्याचं स्वतःचं नुकसान झालंय, त्याच्याच शब्दावर दुसऱ्याने आपलं इंजिन उघडावं. त्यामुळे तिथे प्रत्येकाजवळ मोडक्या तुकड्यांची पिशवी असायची आणि ज्याची पिशवी जड त्याचा मान मोठा.

पहिले काही रविवार भावोजी मागे उभे राहून नुसते ऐकत होते. मग एकदा सिस्टरच्या गाडीचं काहीतरी अडलं. इंजिन तापलं की बंद पडायचं. सगळ्यांनी डोकी खाजवली. भावोजींना उत्तर माहीत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते हळूच बोलले, व्हॉल्व्हमधली फट कमी पडत असेल. सगळे वळले. डॉक्टर म्हणाले, तुकडा?

पुढच्या रविवारी भावोजींनी रुमालात गुंडाळून एक जळका व्हॉल्व्ह आणला आणि म्हणाले, "हा माझ्या हातून गेला."

एवढं एक वाक्य सोडलं तर त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर निघालं. सिस्टरची गाडी सुधारली. मला वाटलं, वर्कशॉपात इतकी वर्षं काढल्यावर कधीतरी त्यांनी हात काळे केले असतीलच. लोकांना कुठल्या डोळ्याने कमी दिसतं ते मी खुर्चीत बसवल्याबरोबर सांगतो, पण नात्यातल्या माणसाला कोण खुर्चीत बसवतो?

पुढे दर रविवारी रुमालातून काहीतरी निघायला लागलं. पलंगाखालची ट्रंक संपणारी नव्हतीच. लोक त्यांना गुरुजी म्हणायला लागले. बाहेरगावाहून फोन यायचे, भावोजी फोनवर इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचे. त्यांची स्वतःची गाडी कधी कुरकुरली, तर ती ते गुपचूप गावाबाहेर एका जुन्या मित्राकडे घेऊन जायचे आणि दुरुस्त करून आणायचे. मंडळाला वाटायचं, गुरुजी घरी बसून करतात. ज्या माणसाला घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्याला आता बारा माणसं विचारत होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले. मला त्यांची थट्टा करावीशी वाटायची, पण केली नाही, इतके ते आनंदात होते.

मग बेकरीवाला आला. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, मनगटापर्यंत पीठ लागलेलं. त्याचे वडील नुकतेच गेले होते आणि त्यांची जुनी मोटारसायकल त्याच्या वाट्याला आली होती. वडिलांचा हात यंत्राला चांगला होता, पण मुलाला त्यांनी गाडीला कधी शिवू दिलं नाही. "तुझा हात पिठाचा, लोखंडाला लावू नकोस," असं ते त्याला चारचौघांत म्हणायचे. हे त्याने पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. हसत होता, पण डोळे भावोजींवर होते. भावोजी म्हणाले, गाडीला हात कुणाचा ते कळत नाही, हात बरोबर आहे की नाही एवढंच कळतं. ते ऐकून त्या पोराच्या... पोर कसला, बाप्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरलेलो नाही.

त्याने ती गाडी अख्खी उघडली आणि पुन्हा जोडली. भावोजी बेकरीच्या मागच्या पडवीत पिठाच्या पोत्यावर बसून सांगायचे, तो करायचा. शेवटी चेनचं पुढचं दातेरी चाक बसवायची वेळ आली. हे चाक एका मोठ्या नटाने धरलेलं असतं. नट सुटू नये म्हणून त्याखाली पातळ पत्र्याचा वॉशर घालतात आणि त्याची कड नटावर दुमडतात. भावोजींनी ट्रंकेतून एक नट आणला, आटे पार झडलेला. म्हणाले, "हा मी जोर वाढवायला पान्याला पाइप लावून आवळला आणि आटे गेले. नट हाताच्या जोरानेच आवळायचा. धरायचं काम वॉशर करतो." त्याने अगदी तसंच केलं. त्याच महिन्यात मंडळातल्या आणखी काही जणांनीही गुरुजींचं ऐकून आपापले नट तसेच बसवून घेतले.

बेकरीवाला त्या गाडीवर थोडे दिवस फिरला. सकाळचे पाव पोचवायलाही तीच न्यायचा, आईला मागे बसवून एकदा बाजारातून चक्कर मारून आला. मग एका वळणावर नट सुटला, दातेरी चाक सरकलं, चेन निसटून अडकली आणि मागचं चाक जागीच थांबलं. तो रस्त्यावर आपटला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बाकी डोकं वाचलं हे नशीब.

आम्ही दवाखान्यात गेलो. प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून तो बसला होता. भावोजींना पाहून उठायला लागला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही इतकं नीट सांगितलं होतंत. माझ्याच हातून कुठेतरी राहिलं." पुढे म्हणाला, वडील बरोबर बोलायचे, हा हात पिठाचाच. कुणी लांबचा माणूस जुन्या गाड्या गोळा करतो, त्याचा निरोप आला होता, त्याला ही गाडी देऊन टाकतो. माझ्याकडे राहून तिची दैना होणार. त्याची आई शेजारी बसली होती, तीही म्हणाली, देऊन टाक बाबा. भावोजी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले. एवढंच म्हणाले, घाई करू नकोस. बाहेर आल्यावर मला म्हणाले, नट सुटायला नको होता. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि गावाबाहेरच्या त्या मित्राकडे नेलं. हा त्यांच्या वर्कशॉपातला जुना मेकॅनिक, सगळे त्याला डावखुरा म्हणायचे. अंगणात बसून शेंगा सोलत होता. भावोजींनी तो झडलेला नट त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, हा तूच आणला होतास ना खिडकीवर? कसा गेला होता, आठवतं?

डावखुऱ्याने नट उलटसुलट करून पाहिला आणि हसला. म्हणाला, हा ढिला राहिला होता. आम्ही घाईत होतो, जुनाच वॉशर पुन्हा दुमडला आणि नट नुसता हाताने बसवून गाडी सोडून दिली. तो हलून हलून त्याचे आटे गेले. हा नट तर पाइप लावूनच आवळावा लागतो, सगळ्यांना माहीत आहे.

भावोजी म्हणाले, "तू मला सांगितलंस, आधीच्या माणसाने फार आवळला म्हणून गेला."

"अहो साहेब," डावखुरा म्हणाला, "खिडकीवर खरं कोण बोलायचं? खरं सांगितलं असतं तर मेमो मिळाला असता. आम्ही खिडकीशी येईपर्यंत काय सांगायचं ते ठरवूनच यायचो. तुम्हाला कळत असेल असंच आम्हाला वाटायचं."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. रुमालातला एकही तुकडा भावोजींच्या हातून मोडलेला नव्हता. परत येताना मी भर रस्त्यात गाडी थांबवायला लावली आणि त्यांना नको नको ते बोललो. आयत्या बिळावर नागोबा म्हणालो. वयाने मोठे, बहिणीचे यजमान, पण मी कशाचीही भीड ठेवली नाही. ते हँडल धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, तुकडे दुसऱ्यांनी मोडलेले होते, याचं मला इतकं वाईट वाटत नाही रे. खिडकीवर ऐकलेल्यातलं खरं किती आणि सबब किती, हेच मला आता माहीत नाही. मी म्हटलं, ते राहू द्या. आधी बेकरीवाल्याला सांगा, तो बापाची गाडी देऊन टाकतोय. ते म्हणाले, रविवारी सांगतो, सगळ्यांसमोरच सांगतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी रविवारची वाट न पाहता केली. ज्यांनी ज्यांनी नट हाताने बसवला होता, त्यांना घरी गेल्या गेल्या फोन केले. पण काय सांगितलं? तर म्हणे, मी अजून विचार केला, या जुन्या नटांना पाइप लावून आवळणंच बरं, वॉशरही नवा घाला. लोकांनी लगेच आवळून घेतले आणि वर गुरुजींचे आभार मानले. ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी ते फोन ऐकत होतो. अपघात टाळायला निघालेला माणूस तेवढ्यातही आपलं गुरुजीपण जपत होता, याची मला लाज वाटली. त्यांनाही वाटत असावी, कारण प्रत्येक फोन ठेवल्यावर ते शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते.

रविवारी आम्ही गेलो. विषय अर्थातच बेकरीवाल्याचा निघाला. तो आला नव्हता. कुणी म्हणालं, नवखा माणूस, अख्खं इंजिन एकट्याने जोडायला जायला नको होतं. कुणी म्हणालं, पीठ मळायचा हात तो, जोर कुठे किती लावायचा कळत नाही. मी भावोजींकडे बघत होतो. ते चहाच्या ग्लासात बघत होते. मग सिस्टरनी सरळ त्यांनाच विचारलं, गुरुजी, तुम्ही तर शेजारीच बसला होतात, नट त्याच्याकडूनच ढिला राहिला असेल ना?

भावोजी म्हणाले, "राहिला असेल."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काही बोललो नाही, कारण बोलणं त्यांचं होतं, आणि मी बोललो असतो तर ते त्यांना कधीच बोलता आलं नसतं. निदान तेव्हा मी स्वतःला असं समजावलं. येताना त्यांच्या मागे बसायची इच्छाच नव्हती, मी चालत आलो.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते ताई सांगते. जेवायला बसायचे आणि ताट तसंच ठेवून उठायचे. ट्रंक पलंगाखालून ओढून एकेक तुकडा हातात घेऊन बघायचे आणि पुन्हा आत टाकायचे. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं तिला सांगितलं. मला वाटलं, तिला राग आला असेल. पण ती म्हणते, तिला रडू आलं. मी नळ दुरुस्त करताना हे दाराशी का उभे राहायचे, ते मला तेव्हा कळलं, म्हणाली. त्यांना शिकायचं होतं आणि कुणी बोलावलंच नाही. मी तिला म्हटलं, ताई, हे सगळं खरं असेल, पण दवाखान्यात तो पोरगा माफी मागत होता आणि हे पांघरूण सारखं करत होते. 

पुढच्या रविवारी भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला नाही. ट्रंक गाडीला मागे बांधली, त्यामुळे मला रिक्षाने जावं लागलं. मी पोचलो तेव्हा ते आवाराच्या मधोमध उभे होते आणि ट्रंक उघडी होती. बेकरीवालाही आला होता, हात गळ्यात बांधलेला. भिंतीशी जरा लांब उभा होता, पाहुण्यासारखा.

भावोजी खाली मान घालून बोलले, पण काही लपवलं नाही. यातला एकही तुकडा माझ्या हातून मोडलेला नाही, म्हणाले. मी खिडकीत बसून हे गोळा केले. कसे मोडले ते लोकांनी मला सांगितलं आणि मी ते माझं म्हणून तुम्हाला सांगितलं. लोकांनी मला खरं सांगितलं नव्हतं. नटाचं तर साफ खोटं होतं. तुम्हाला फोन केले तेव्हाही मी अर्धवटच सांगितलं. जे जे माझ्या सांगण्यावरून केलं असेल ते सगळं पुन्हा जाणत्याकडून तपासून घ्या. आणि मागच्या रविवारी सिस्टरनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. नट याच्याकडून राहिला नव्हता.

 डॉक्टर उठून ट्रंकेपर्यंत आले, आत बघितलं आणि परत जाऊन बसले. सिस्टर पहिल्यांदाच गप्प होत्या. माझे कान तापले होते. चूक माझी नव्हती, पण लाज वाटायला नातं पुरतं.

मग बेकरीवाल्याने विचारलं, "म्हणजे नट मी बरोबर बसवला होता?"

"मी सांगितला तसाच," भावोजी म्हणाले. "तुझ्या हाताचं काहीही चुकलं नाही. तुझी गाडी मी पुन्हा..." आणि ते थांबले, कारण त्यांना पुन्हा काय करता येणार होतं? मग म्हणाले, "डावखुरा म्हणून माझा एक मित्र आहे, तो तुला शिकवेल. मी बोललोय त्याच्याशी. गाडी देऊ नकोस."

 बेकरीवाल्याला रागावायचं आहे की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नसावं. मग त्याने शांतपणे सांगितलं, की सिस्टरचा फोन आला होता, नट त्याच्याकडूनच ढिला राहिला हे गुरुजीही म्हणाले, असं त्या सांगत होत्या. तोपर्यंत गाडी द्यायची की नाही, हे त्याचं नक्की होत नव्हतं. गुरुजी म्हणाले म्हटल्यावर त्याने गाड्या गोळा करणाऱ्या त्या माणसाला होकार कळवला. परवा ट्रक घेऊन माणसं आली आणि गाडी घेऊन गेली.

"ती परत मागता येईल," भावोजी म्हणाले. "मी येतो. आपण दोघं जाऊ."

"तेही विचारून बघितलं," तो म्हणाला. "काल आईला फार वाईट वाटायला लागलं म्हणून फोन केला होता. त्याने ती तिथून पुढे दुसऱ्याला दिली. मी गाडी चालवताना आई मागे बसली होती ना, एकदा. तेवढं झालं."

डाव्या हाताने त्याने गळ्यातला पट्टा सारखा केला. निघायच्या आधी सगळ्यांचा निरोप घेतला, कारण त्याच्या घरचं वळणच तसं होतं. भावोजींच्या समोर आला तेव्हा एक क्षण थांबला, आणि मग सवयीनेच म्हणाला, "येतो, गुरुजी." भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत हात काढले नाहीत.